सुपारी फुटायच्या आत

‘ताई, मी कोपरखैरण्यात राहतो. पप्पा मार्केटला माथाडी आहेत, गाव पाटण तालुक्यात. मला अठरा पूर्ण झाली, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणापासून घरात सगळे चिडवायचे की मामाची पोरगी ह्याच्यासाठी ठेवलीय. मला चेष्टाच वाटायची. दिवाळीत गावी गेलो तेव्हा कळलं, सगळं ठरलंय. चैत्रात यात्रेला सगळे मुंबईकर गावात असतात, तेव्हा सुपारी फोडायची आणि मला एकवीस झाली की लग्न. आता आज्जीची तब्येत बिघडलीय, तर मामा म्हणतात एकवीसची वाट कशाला बघायची, गावात कोण दाखले बघतंय, उन्हाळ्यातच उरकून टाकू, पोरीला नांदायला नंतर पाठवू. ती अकरावीला आहे, सोळा वर्षांची. मला दादा म्हणते.

तीन वर्षांपूर्वी पप्पांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मामांनी साडेतीन लाख दिले. परत कधी मागितले नाहीत. आता माझ्या डिग्रीची फी पण भरतो म्हणतात. मम्मी म्हणते, भावाने एवढं केलं, मी त्याला शब्द दिलाय, मला माहेर तोडायला लावू नको. तिने तिकडच्या जमिनीचं हक्कसोड पण करून दिलंय. मी एकदाच नाही म्हटलं, तर पप्पा काही बोलले नाहीत, पण दोन दिवस जेवले नाहीत. मम्मीने माझा मोबाईल तपासला, कोणी मुलगी आहे का बघायला. कोणी नाहीये, खरंच. फक्त ऐरोलीच्या चुलत बहिणीला सांगितलंय, ती नर्स आहे. कधी कधी वाटतं, रात्रीची गाडी पकडून पुण्याला मित्राकडे निघून जावं. ताई, नाही म्हणायचा मला हक्क आहे का? आणि तिला मेसेज करून सांगू का, की तूच नाही म्हण?’

तू नाव लिहिलं नाहीस ते बरं केलंस. मीही एक-दोन तपशील बदललेत, म्हणजे पप्पांच्या माथाडी टोळीतल्या कुणी किंवा गावच्या मंडळातल्या कुणी वाचलं तर चर्चा थेट तुमच्या दारात यायला नको.

हक्क आहे. पूर्ण आहे. आणि तू समजतोस त्यापेक्षा यात तुझी जबाबदारीही मोठी आहे, पण तिच्याकडे नंतर येते. आधी उन्हाळ्यातल्या लग्नाचं बघू, कारण ते तातडीचं आहे आणि त्यात घोळण्यासारखं काही नाही.

2006च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याप्रमाणे लग्नासाठी मुलगा एकवीस पूर्ण आणि मुलगी अठरा पूर्ण लागते. तुमच्यात दोघांपैकी कुणाचंच वय बसत नाही. घरात कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही, पण तू स्वतः अठरा ओलांडलेला आहेस आणि ती सोळाची आहे. हे लग्न लागलं तर पहिला आरोपी नवरदेव म्हणजे तू. अठरावरच्या पुरुषाने बालिकेशी लग्न केलं तर दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्न ठरवणारे, लावून देणारे, मुहूर्त काढून उभे राहणारे भटजी यांनाही तेवढीच शिक्षा. बायकांना या कायद्यात कैद होत नाही, त्यामुळे तुझी आई तुरुंगात जाणार नाही, पण पप्पा आणि मामा जाऊ शकतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. ‘नांदायला नंतर पाठवू’ या वाक्याने कुणीही वाचत नाही, कारण गुन्हा लग्न लावण्याचाच आहे. आणि नंतर म्हणजे तिला अठरा व्हायच्या आत पाठवलं तर पोक्सोही, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदाही, लागतो, नवरा असलास तरी.

‘गावात कोण दाखले बघतंय’ हे मामांचं म्हणणं जुन्या काळातलं आहे. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कुणीही, नाव न सांगता, फोन करू शकतं. यात्रेच्या गर्दीत तुमच्याच भावकीतला एखादा नाराज माणूस तो फोन करील, मामांना याची कल्पना नसावी. हे सगळं तू त्यांच्या तोंडावर फेकू नकोस. ऐरोलीच्या बहिणीला हे वाचायला दे आणि तिने तुझ्या पप्पांना शांतपणे सांगावं. एका नर्सने सांगितलेला कायदा आणि ज्याचं लग्न आहे त्याच मुलाने सांगितलेला कायदा यात घरात फार फरक पडतो. पप्पा म्हणतील, ‘आमची लग्नं नाही का झाली तशी?’ त्यांची झाली असतील, आजोबांची तर नक्कीच. 1929च्या सारडा कायद्यात मुलाचं वय अठरा होतं आणि मुलीचं चौदा. 1978 साली ते एकवीस आणि अठरा झालं. तेव्हापासून कितीतरी यात्रा झाल्या, आता तो मुद्दा राहिलेला नाही.

उन्हाळ्यातलं लग्न कायद्याच्या धाकाने टळेल असं मला वाटतं. माझी खरी काळजी सुपारीची आहे. कारण उद्या घरात असं होणार: ‘बरं, लग्न एकवीसलाच करू. पण सुपारी तर फोडून ठेवू, आज्जीच्या डोळ्यांदेखत.’ सगळ्यांना वाटेल, मुलाचं ऐकलं. तुलाही वाटेल, तीन वर्षं मिळाली, तोवर बघू. तिथे थांबायचं.

सुपारी फुटली, साखरपुडा झाला, तरी कायद्याने तुम्ही बांधले जात नाही. त्या जोरावर कोर्ट कुणालाही बोहल्यावर उभं करत नाही. उलट लहान वयात सोयरीक ठरवून ठेवायला आपल्या कायद्यात स्पष्ट बंदीच नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालविवाहावरच्या निकालात या पळवाटेवर बोट ठेवलं आणि संसदेने त्यावर बंदी आणायचा विचार करावा असं सुचवलं. म्हणजे सुपारीच्या बाबतीत तुझ्या मदतीला आज कायदा येणार नाही, फक्त तुझं तोंड आहे.

आणि भावकीत सुपारीचं वजन कुणावर पडतं? तुझ्यावर नाही. तू कोपरखैरण्यात परत येशील, कॉलेजला जाशील, मित्र दोन दिवस चिडवतील. ती गावात राहील. त्या दिवसापासून ती ‘अमक्याची होणारी सून’. सणाला साडी-चोळी येईल, मग सायकलवरून कॉलेजला जाताना तिच्याकडे चार डोळे जास्त बघतील. बारावीनंतर तिला पुढे शिकायचं असेल तर कुणीतरी म्हणेलच, ‘आता काय शिकायचंय, घर तर ठरलंय.’ आणि तीन वर्षांनी तू धीर गोळा करून नाही म्हणालास, तर तुझ्याबद्दल लोक म्हणतील, पोरगा मुंबईत शहाणा झाला. तिच्याबद्दल म्हणतील, सोयरीक मोडली, काहीतरी असणार. मुलांच्या मोडलेल्या साखरपुड्याची चर्चा पुढच्या यात्रेपर्यंत टिकते. मुलींची मात्र पुढच्या प्रत्येक स्थळापर्यंत जाते. हे अन्यायाचं आहे, पण आहे.

म्हणून तुझा नकार यात्रेच्या आधी व्हायला हवा. आत्ता फक्त दोन घरांतली चार-सहा माणसं दुखावतील. पंचक्रोशीसमोर सुपारी फुटल्यानंतर त्याच नकाराची किंमत सोळा वर्षांची मुलगी भरेल.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. ‘तूच नाही म्हण’ असा मेसेज तिला करायचा नाही. तू अठराचा, मुलगा, शहरात, शिकणारा. तुला नाही म्हणायला जड जातंय, तर ती सोळाची, त्याच घरात, त्याच मामांच्या समोर कशी म्हणेल? तिला मारही पडू शकतो. तुझ्यावर फार तर अबोला धरतील. शिवाय मेसेज हा प्रकारच इथे धोक्याचा. तो कुणाच्या हाती लागला की त्यातला मजकूर कुणी वाचत नाही. ‘दोघं एकमेकांशी बोलतात’ एवढंच वाचतात, आणि मग ‘मुलांनाही पसंत आहे’ म्हणून सुपारी यात्रेची वाटही बघत नाही.

तिचं मत कुणी विचारलंय असं तुझ्या पत्रात कुठेच नाही. तूही ‘ती वाईट नाहीये’ अशा अर्थाचंही काही लिहिलेलं नाहीस, फक्त दादा म्हणते एवढं. तिच्या मनात काय आहे ते तुला आणि मला दोघांनाही माहीत नाही. कदाचित ती सुटकेचा श्वास टाकेल. कदाचित लहानपणापासूनची चेष्टा तिने मनावर घेतली असेल आणि तिला वाईट वाटेल. दोन्हीसाठी तयार राहा. तिच्यापर्यंत गोष्ट मामींकडून जाऊ दे. तुझ्या चुलत बहिणीने मामींना फोन करावा, आणि तो फोन ‘आमच्या मुलाला मुलगी पसंत नाही’ असा नसावा. ‘तो कुणाशीच आत्ता बांधला जाणार नाही, पोरीत काही कमी नाही, तिला शिकू द्या’, असा असावा. मामी काय म्हणतील सांगता येत नाही, पण बऱ्याच घरांत आईलाच आधी कळतं की मुलगी काय बोलत नाहीये.

आता नाही म्हणायचं कसं. मुलं इथे एक चूक हमखास करतात, ती म्हणजे खूप कारणं देतात. कारण दिलं की त्याला उत्तर मिळतं. ‘मला शिकायचंय’ म्हणालास तर ‘लग्नानंतर शीक, मामा फी भरतायत.’ ‘नोकरी नाही’ म्हणालास तर ‘पप्पांच्या जागी टोळीत लावतो.’ ‘रक्ताचं नातं आहे’ म्हणालास तर ‘आपल्यात चालतं, तुझ्या थोरल्या काकांची मुलं धडधाकट नाहीत का?’ या शेवटच्या मुद्द्यावर दोन गोष्टी सांगते, कारण तुझी बहीण नर्स आहे आणि तिच्या मनात तो असणारच. मामाच्या मुलीशी लग्न हिंदू विवाह कायद्यात तसं वर्ज्य नात्यात येतं, पण जिथे रूढी आहे तिथे कायदा ते मान्य करतो. त्यामुळे ‘हे बेकायदेशीर आहे’ म्हणू नका, खोटं पडाल. सख्ख्या मामे-आते भावंडांचे जनुक सुमारे एक अष्टमांश सारखे असतात, त्यामुळे मुलांमध्ये जन्मजात आजाराची जोखीम साधारण जोडप्यापेक्षा दोन-तीन टक्क्यांनी वाढते. हे खरं आहे. पण समज, तुम्हाला डॉक्टरांकडे नेलं, तपासण्या झाल्या आणि सगळं ठीक निघालं, मग? मग तुझ्याकडे नकाराला काहीच उरणार नाही, कारण तू तुझा नकार डॉक्टरच्या कागदावर उभा केला होतास.

म्हणून वाक्य एकच ठेव. ‘मला तिच्याशी लग्न करायचं नाही. मी तिला बहीण मानत आलो.’ कुणी म्हणेल, मामाची पोर कुठे बहीण असते. त्याला उत्तर देऊ नकोस. परत तेच वाक्य, त्याच आवाजात. मुळात लग्नच नको की हे लग्न नको, हे तुझं तुला ठाऊक. ते मला किंवा घरात कुणाला आत्ता सांगायची सक्ती तुझ्यावर नाही.

सांगायची सुरुवात पप्पांपासून कर. मला माहीत आहे, तुला आई सोपी वाटते. पण आई या व्यवहारात शब्द देऊन बसलीय, तिला मागे यायला कुणाचातरी हात लागेल, आणि तो पप्पांचा असेल. ते दोन दिवस जेवले नाहीत याचा अर्थ तू राग असा लावलास. मला तसं वाटत नाही. पोती उचलून घर चालवलेल्या माणसाचा मणका गेला, मेहुण्याचे पैसे घ्यावे लागले, आणि त्या पैशांपोटी मुलगा बांधला जातोय हे त्यांना कळत नसेल का? घास गिळत नसेल तो लाजेने. त्यांना घरात गाठू नकोस. खोलीत चार माणसं, भिंतीपलीकडे शेजारी. मार्केट बंद असेल त्या दिवशी सकाळी निसर्ग उद्यानात फिरायला घेऊन जा. चालत असताना बापलेक एकमेकांच्या डोळ्यांत बघत नाहीत, त्यामुळे बोलणं सोपं जातं. आणि पहिलं वाक्य लग्नाचं नको, पैशांचं असू दे. ‘पप्पा, ऑपरेशनचे पैसे फेडायचे आहेत, त्यात मीही आहे.’

कारण गाठ खरी तिथे आहे. साडेतीन लाखांचं कर्ज आणि एक लग्न, हे दोन वेगवेगळे विषय आहेत आणि तुमच्या घरात ते एकाच गाठोड्यात बांधलेत. मामा पैसे मागत नाहीत म्हणून ते कर्ज नाही असं होत नाही. न मागितलेलं कर्ज जास्त जड असतं, कारण ते कधी फिटलं हेच कळत नाही. तेव्हा त्याला आकडा आणि तारीख द्या. महिना पाच हजारांनी सत्तर महिने लागतात, म्हणजे सहा वर्षांना दोन महिने कमी. तू कमवायला लागलास की मुदत निम्म्यावर येईल. पैसे बँकेतून पाठवा, रोख नको, म्हणजे पुढे कुणाला हिशेब विसरता येणार नाही. मामा म्हणतील, ‘बहिणीकडून पैसे घेऊ का मी?’ घेतले नाहीत तर दर महिन्याला तेवढीच रक्कम आज्जीच्या औषधपाण्याला द्या, पण थांबू नका. पहिला हप्ता यात्रेच्या आधी गेला पाहिजे. मग ‘फुकटात पैसे घेतले आणि पोरगा फिरवला’ असं बोलायला जागा राहत नाही.

फीबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे, मामांकडून एक रुपया घेऊ नकोस. डिप्लोमानंतर डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे तीनच वर्षांची फी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मी शिकवणी फी सुटते. तू ज्या प्रवर्गात येतोस त्याप्रमाणे दुसरी योजनाही लागू शकते, आणि बाहेरगावी राहिलास तर नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. सगळे अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. उत्पन्नाचा दाखला आणि अधिवासाचा दाखला आत्ताच काढून ठेव, जून-जुलैत तहसील कार्यालयात रांगा लागतात. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या क्लार्कशी ओळख करून घे. ते रागावतात, पण तारखा त्यांनाच माहीत असतात.

आईबद्दल लिहायला मला जरा जास्त जागा लागणार आहे, कारण तू तिच्यावर चिडलेला आहेस आणि तिच्या बाजूचं तुला कुणी सांगितलेलं नाही.

तिला भीती आहे, आणि ती हवेतली नाही. महाराष्ट्रात 2001च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 913 मुली होत्या. 2011 साली त्या 894 झाल्या. ती मुलं म्हणजे तुझीच पिढी. गावागावांत पस्तिशीची मुलं बिनलग्नाची बसलीत, डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात तर मुलांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यांवर बसून, बँड लावून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला, मुलगी मिळत नाही म्हणून. लोक हसले. मुलांच्या आया हसल्या नाहीत. माथाडीच्या मुलाला, ज्याचं शहरात स्वतःचं मोठं घर नाही, त्याला मुलगी कोण देईल, हा हिशेब तुझ्या आईने कधीच केलाय. त्यात भावाची पोर आपणहून येतेय, घरातलीच, म्हातारपणी ‘आत्या’ म्हणत चहा आणून देणारी. हातची का सोडा? आता, मुली कमी झाल्या म्हणून उरलेल्यांना सोळाव्या वर्षी नावावर करून ठेवायचं, हा इलाज मला अजिबात पटत नाही, पण भीती समजते.

दुसरं म्हणजे हक्कसोड. तू ते पत्रात एका ओळीत लिहून पुढे गेलास. 2005च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तुझ्या आईने तो सोडला, का? माहेरचं दार उघडं राहावं म्हणून. लाखो बहिणी हेच करतात. म्हणजे भावाने साडेतीन लाख दिले हे खरं, आणि बहिणीने त्याआधी किंवा नंतर कदाचित त्याहून जास्त मोलाची जमीन सोडली हेही खरं. तिच्या मनात मात्र ती अजून ऋणी आहे, कारण जमीन सोडण्याला आपल्याकडे देणं म्हणत नाहीत, रीत म्हणतात. हे तू मामांना ऐकवायचं नाही, पाहुण्यांत तर मुळीच नाही. ऐकवलंस की आईचं माहेर खरंच तुटेल आणि ते तुझ्यामुळे. एखाद्या संध्याकाळी ती भाजी निवडत असताना तिला एकटीला म्हण, ‘मम्मी, तू मामाला खूप दिलंयस. तू कुणाचं देणं लागत नाहीस.’ ती कदाचित ओरडेल. ओरडू दे, तिथून उठू नकोस.

‘शब्द दिलाय’ याचं काय करायचं, तर शब्द तिने दिलाय, तुझ्या वतीने. तो परत घ्यायला तिला लाज वाटणार. ती लाज पप्पांनी उचलावी: ‘पोरगा ऐकत नाही, मीच नाही म्हणतोय.’ बाप वाईट ठरला तर भाऊ-बहीण टिकतात. पप्पांना हे सुचवायचं काम ऐरोलीच्या बहिणीचं.

मोबाईल तपासला म्हणून तुला राग आला. साहजिक आहे. एकदा तपासला, काही सापडलं नाही, तिथे ते संपलं पाहिजे. परत मागितला तर शांतपणे सांग, ‘त्यात काही नाही, आणि असतं तरी माझं उत्तर हेच असतं.’ मुलाने लग्नाला नाही म्हटलं की कुणीतरी मुलगी असणारच, हा घराघरांतला समज आहे. त्याला पुरावे देत बसलास तर आयुष्यभर देत बसशील.

आणि एवढं करूनही कुणी ऐकलं नाही, यात्रेची तयारी सुरूच राहिली तर? तर त्या गाडीत बसायचं नाही. एवढं साधं आहे, आणि एवढंच अवघड. नवरा मुलगाच नसेल तर सुपारी फुटत नाही. गावात, मंडपात, पाहुण्यांसमोर तमाशा करून नाही म्हणायचं मात्र टाळ, त्याने सगळ्यात जास्त ती मुलगी जळेल. यात्रेच्या आधीच घरात सांगून ठेव की मी येणार नाही, आणि त्या चार दिवसांत ऐरोलीला बहिणीकडे राहा. पुण्याची रात्रीची गाडी नको. मुलगा न सांगता गेला की घरात पोलीस तक्रार, आईचं रडणं, आणि मग मुलगा परत आला की त्याची अपराधी भावना, आणि त्या भावनेत तो हो म्हणून टाकतो. ऐरोली कोपरखैरण्यापासून ट्रान्स-हार्बर लोकलच्या मोजक्या स्टेशनांवर आहे. तिथे तू पळून गेलेला नसशील, बहिणीकडे गेलेला असशील. दहावीची, डिप्लोमाची सगळी प्रमाणपत्रं आणि आधार डिजिलॉकरवर चढवून ठेव, मूळ कागद बहिणीकडे. मारहाण किंवा कोंडून ठेवणं झालं, किंवा उन्हाळ्यातलं लग्न खरंच उभं राहताना दिसलं, तर पोलिसांसाठी 112. आणि मुलीसाठी 1098, ती लहान आहे. हा फोन तू केलास तरी चालेल, त्याने तू गद्दार होत नाहीस.

रात्री झोप लागत नाही असं तू लिहिलेलं नाहीस, पण अक्षरावरून मला तसं वाटलं. टेली-मानसचा 14416 हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था 1990पासून या कामात आहे, तिथे घरच्यांना सोबत नेऊन बसता येतं. पप्पा आले तर उत्तम. ‘वेड लागलंय का’ असं विचारतील, तेव्हा सांग, मणक्याला डॉक्टर लागतो तसा घरातल्या भांडणालाही लागतो. ही तुलना मला फार आवडत नाही, पण पप्पांना पटेल.

आज्जीचा प्रश्न राहिला. तिची शेवटची इच्छा म्हणून सगळं तुझ्यावर टाकलं जातंय. तिला भेटायला यात्रेची वाट पाहू नकोस, येत्या शनिवार-रविवारी जा. दोन दिवस तिच्या खाटेजवळ बस, तिला जेवू घाल, तिच्या लग्नाच्या गोष्टी विचार. ती लग्नाचं काढील. तेव्हा खोटं हो म्हणू नकोस. मरणाऱ्या माणसाला दिलेलं खोटं वचन नंतर सगळ्या घराकडून तुझ्यावर वापरलं जातं. एवढंच म्हण, ‘आज्जी, आधी मला पायावर उभं राहू दे.’ ते खरं आहे. जाताना बहिणीला सोबत ने, ती गोळ्या-औषधं बघून घेईल आणि मामींशी बोलायला तिला तिथेच निवांत वेळ मिळेल. मामा घरी असतील तर त्यांच्याशी या खेपेला लग्नाचा विषय काढू नका. ते बोलणं पप्पांचं आहे, त्यासाठी ते वेगळे जातील, पहिल्या हप्त्याची पावती खिशात घेऊन.